आइल ऑफ वाइटला गाडी घेऊन जाताय? पार्किंग आणि दंडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की इंग्लंडमधल्या आपल्या लोकांचे आइल ऑफ वाइटचे प्लॅन सुरू होतात. इंडियातून आई-बाबा आलेले असतात, मुलांची हाफ टर्म असते, समुद्र हवा असतो आणि जवळ पण पाहिजे असतं. बेट खरंच सुंदर आहे, पण परत आल्यावर निम्म्या लोकांचा विषय एकच असतो, गाडीच्या काचेवर चिकटवलेलं ते पिवळं पाकीट. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न एका जागी लिहिलेत. पार्किंगचे तासाचे रेट मुद्दाम दिलेले नाहीत कारण ते बदलत असतात आणि प्रत्येक कार पार्कचे वेगळे असतात, दंडाच्या रकमा आणि मुदती मात्र नीट दिल्यात.

बेटावर पार्किंगचे वेगळे कायदे आहेत का?

नाही. जर्सी किंवा आइल ऑफ मॅनचा कायदा वेगळा आहे, तसं इथे नाहीये. आइल ऑफ वाइट इंग्लंडचाच भाग आहे, हायवे कोड तोच, पाट्या त्याच, रेषा त्याच. पार्किंगची अंमलबजावणी ट्रॅफिक मॅनेजमेंट ॲक्ट २००४ खाली कौन्सिल करते आणि अख्ख्या बेटाला एकच कौन्सिल आहे, त्यामुळे राइड गावात दंडाचं तिकीट मिळो की व्हेंटनरला, पत्रव्यवहार एकाच ठिकाणी. पोलीस यात फार कमी वेळा येतात. जे युनिफॉर्म घालून फिरतात ते कौन्सिलचे सिव्हिल एन्फोर्समेंट ऑफिसर, बोलीभाषेत वॉर्डन. त्यांच्याशी रस्त्यावर वाद घालून काही होत नाही कारण एकदा तिकीट काढलं की ते त्यांना स्वतःला सहसा मागे घेता येत नाही, जे काय सांगायचं ते नंतर लेखी सांगायचं.

मुळात गाडी न्यावी का? की पलीकडेच, म्हणजे इंग्लंडच्या किनाऱ्यावर, लावून जावं?

बेटाला पूल नाही, बोगदा नाही. गाडी न्यायची तर तीन फेरी आहेत, साउदॅम्प्टन ते ईस्ट काउझ, पोर्ट्समथ ते फिशबोर्न आणि लिमिंग्टन ते यारमथ. सुट्टीच्या दिवसांत गाडीचं तिकीट चांगलंच महाग पडतं. नुसती माणसं जाणार असतील तर साउदॅम्प्टनहून वेस्ट काउझला जलद बोट आहे, पोर्ट्समथ हार्बरहून राइड पिअरला कॅटामरान आहे आणि साउथसीहून राइडला हॉवरक्राफ्ट आहे, मुलांना तो अनुभव भारी वाटतो. बेटावर बसचं जाळं चांगलं आहे, राइड ते शँकलिन ट्रेन पण आहे, लंडन अंडरग्राउंडचे जुने डबे नव्याने तयार करून तिथे चालवतात.

माझं मत विचाराल तर एका दिवसासाठी, दोन-तीन माणसं असतील तर गाडी नेऊ नका. म्हातारी माणसं, बाबागाडी, डब्यांच्या पिशव्या आणि दोन-तीन रात्रींचा मुक्काम असेल तर न्या, कारण पश्चिमेकडचे किनारे गाडीशिवाय निवांत बघता येत नाहीत. पण पलीकडे गाडी सोडून जाणार असाल तर ती कुठे सोडताय ते आधी ठरवा. पोर्ट्समथ, साउथसीमध्ये टर्मिनलच्या आसपासच्या बऱ्याच गल्ल्या रेसिडेंट परमिटवाल्या आहेत, बोट चुकेल म्हणून घाईत तिथे गाडी टाकून गेलात तर संध्याकाळी तिकीट नक्की.

डबल यलो, सिंगल यलो, त्या छोट्या आडव्या रेघा... एकदा नीट सांगा ना

डबल यलो म्हणजे कधीच थांबायचं नाही, दिवस-रात्र, रविवार, बँक हॉलिडे सगळं आलं. त्यासाठी खांबावर बोर्ड लागतोच असं नाही, रस्त्यावरच्या दोन रेषा पुरतात. सिंगल यलोला वेळ असते आणि ती वेळ जवळच्या छोट्या पिवळ्या बोर्डवर लिहिलेली असते, तेवढ्या वेळात थांबायचं नाही, बाकी वेळी चालतं. समुद्रकाठच्या गावांत काही बोर्डांवर फक्त उन्हाळ्यातले महिने लिहिलेले असतात, म्हणजे फेब्रुवारीत जिथे बिनधास्त गाडी लावली तिथेच जुलैत दंड. त्यामुळे मागच्या वेळी लावली होती हे कारण धरू नका, बोर्ड परत वाचा.

आता मेख अशी की पिवळ्या रेषेवर माणसं उतरवायला-चढवायला आणि सामान चढवायला-उतरवायला थांबता येतं. पण फुटपाथच्या कडेवर छोट्या पिवळ्या आडव्या रेघा मारलेल्या असतील तर सामानासाठीसुद्धा नाही, एक रेघ असेल तर बोर्डवरच्या वेळेत नाही, दोन असतील तर कधीच नाही. माणसं उतरवणं तरीही चालतं. सामान म्हणजे हॉटेलसमोर चार बॅगा काढणं, दुकानातून आइस्क्रीम आणणं नव्हे.

बस स्टॉपचा आखलेला चौकोन, टॅक्सी रँक आणि शाळेसमोरचे पिवळे झिगझॅग इथे लांब राहा. झेब्रा क्रॉसिंगजवळचे पांढरे झिगझॅग तर सगळ्यात वाईट कारण तिथे पोलिसांनी पकडलं तर १०० पाउंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट.

दोनच मिनिटं थांबलो होतो, हझार्ड लाइट पण लावले होते, ड्रायव्हर आतच होता. तरी तिकीट?

हो, तरी. हझार्ड लाइटने कुठलीही जागा कायदेशीर होत नाही. ड्रायव्हर आत बसलाय, इंजिन चालू आहे, तरी गाडी उभी असेल तर ती थांबलेलीच धरतात. गुगल मॅप बघायला, फोन घ्यायला, बाळाला दूध पाजायला सुद्धा. वॉर्डन आला आणि तुम्ही तिकीट लावायच्या आत निघून गेलात तर पोस्टाने घरी येऊ शकतं, त्याने लिहायला सुरुवात केली असेल तर पळून काही उपयोग नाही.

आजी-आजोबांना उतरवताय तर मात्र घाबरू नका. ज्यांना चालायला त्रास होतो त्यांना उतरून सावकाश आत नेईपर्यंत वाजवी वेळ मिळतो, फक्त ते होताच गाडी हलवा, तिथेच सोडून सगळ्यांबरोबर चहाला बसू नका.

कार पार्कमध्ये पैसे कसे भरायचे? ॲप की मशीन?

दोन्ही. मशीनचं छापील तिकीट निघत असेल तर ते डॅशबोर्डवर सरळ, बाहेरून वाचता येईल असं ठेवायचं आणि दार लावल्यावर परत एकदा काचेतून बघायचं, कारण समुद्रकाठी वारा इतका असतो की दार आपटलं की तिकीट उडून सीटखाली जातं. पैसे भरले होते पण तिकीट दिसत नव्हतं हाही स्वतंत्र नियमभंग आहे. असं झालंच तर तिकिटाचा फोटो लावून चॅलेंज करा, पैसे भरल्याचा पुरावा असेल तर कौन्सिल बऱ्याचदा ऐकून घेते, पण तो डोक्याला ताप कशाला हवाय.

ॲप वापरताना तीन गोष्टी बघा. पहिली, लोकेशन कोड, कारण एकाच गावात तीन कार पार्क असतात आणि फोन भलताच सुचवतो, पैसे दुसऱ्याच जागेचे भरले तर तुमच्या जागेचे भरलेच नाहीत असं धरलं जातं. दुसरी, गाडीचा नंबर. सप्टेंबर २००१ नंतरच्या नेहमीच्या प्लेटवर तिसरं आणि चौथं अक्षर नेहमी आकडा असतं, तिथे शून्य असेल तर शून्यच टाका, इंग्रजी ओ नको. घरात दोन गाड्या असतील तर ॲपमध्ये जुन्या गाडीचा नंबर सेव्ह असतो आणि माणूस न बघता ओके दाबतो, हे फार होतं. तिसरी, फोनला रेंज नसेल तर ते कारण चालत नाही. पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर रेंज जाते, त्यामुळे थोडी नाणी आणि एक कार्ड जवळ ठेवा.

आणि मशीनवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पैसे भरू नका. इंग्लंडभर कार पार्कच्या मशीनवर खोटे स्टिकर लावून कार्डाचे डिटेल चोरलेत, बोर्डवर ज्या ॲपचं नाव आहे ते ॲप स्टोअरमधून स्वतः डाउनलोड करा.

मशीन बंद असेल तर? त्याच कार पार्कमधलं दुसरं मशीन बघा, मग ॲप बघा, मग बोर्डवरचा फोन नंबर. यातलं काहीच होत नसेल तर बंद मशीनचा फोटो काढा आणि शक्य असेल तर दुसरीकडे जा. नुसता 'मशीन बंद आहे' असा कागद काचेवर लावून गेलात तर तो बचाव टिकेलच असं नाही.

ती दहा मिनिटांची सूट खरी आहे का?

खरी आहे, २०१५ पासून इंग्लंडमध्ये कायद्यातच आहे. कौन्सिलच्या कार पार्कमध्ये किंवा रस्त्यावरच्या आखलेल्या बेमध्ये (गाडी लावायच्या चौकटीत) तुमची परवानगीची वेळ संपल्यावर १० मिनिटांपर्यंत दंड करता येत नाही. तिकीट ३ वाजता संपलं तर ३ वाजून १० मिनिटांपर्यंत ठीक. एक तास फुकट असलेल्या बेलाही लागू.

पण लोक याचा भलताच अर्थ काढतात. ही सूट आधी नीट पार्क केलेल्या गाडीला वेळ संपल्यावर आहे. पैसेच भरले नाहीत आणि दहा मिनिटांत जाणार होतो, हे नाही चालत. पिवळ्या रेषेवर नाही, परमिटच्या जागेत नाही, डिसेबल्ड बेमध्ये नाही.

काचेवर तिकीट लागलंय. आता आधी काय करू?

आधी काहीच भरू नका आणि फेकू पण नका. कागदावर कोणाचं नाव आहे ते बघा. अख्ख्या विषयात ही एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच लोक बघत नाहीत, कारण दोन्ही कागद दिसायला सारखे, दोन्हीचं इंग्रजी लघुरूप पीसीएनच.

एक म्हणजे पेनल्टी चार्ज नोटिस. हा कौन्सिलचा, कायद्याने दिलेला दंड. दुसरा पार्किंग चार्ज नोटिस. हा खाजगी कंपनीचा, सुपरमार्केट, हॉटेल, रिटेल पार्क, एखादं खाजगी पर्यटनस्थळ अशा जागांचा, आणि कायद्याच्या भाषेत तो दंड नाहीच, बोर्डवर लिहिलेल्या अटी तुम्ही मोडल्या म्हणून आलेली मागणी आहे. दोन्हीचे मार्ग पूर्ण वेगळे. कौन्सिलच्या तिकिटाला खाजगीवाल्याचे सल्ले लावले, म्हणजे 'दुर्लक्ष कर, काही होत नाही', तर शेवटी दारात वसुलीवाले येतात.

मग लगेच तिथल्या तिथे फोटो काढा, गाडी रेषेच्या संदर्भात कुठे आहे, जवळचा बोर्ड, बोर्ड झाडामागे लपलाय का, रेषा पुसल्यात का, डॅशबोर्डवरचं तिकीट. घरी गेल्यावर परत फेरी पकडून फोटो काढायला कोणी येत नाही.

कौन्सिलचा दंड किती असतो?

लंडनबाहेर जास्तीत जास्त ७० पाउंड गंभीर प्रकाराला आणि ५० पाउंड कमी गंभीर प्रकाराला. जिथे उभंच राहायचं नव्हतं तिथे राहिलात, म्हणजे पिवळी रेषा, परमिट नसताना रेसिडेंट बे, डिसेबल्ड बे, बस स्टॉप, कोणाच्या ड्राइव्हवेसमोरचा उतरता कर्ब (फुटपाथची कड), तर ७०. जिथे उभं राहायला हरकत नव्हती पण अट मोडली, म्हणजे वेळ संपली, पैसे भरले नाहीत, तिकीट दिसत नाही, चाक रेषेबाहेर दोन जागा अडवून, तर ५०.

१४ दिवसांत भरलं तर निम्मे, म्हणजे ३५ किंवा २५. हे १४ दिवस तिकीट लागलं तो दिवस धरून मोजायचे, ३ तारखेला लागलं तर १६ तारखेपर्यंत. उद्यापासून मोजू म्हणून एक दिवस उशिरा भरणारे खूप आहेत.

२८ दिवसांत काहीच केलं नाही तर गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला नोटिस टू ओनर येते. तिथूनही २८ दिवस हललात नाही तर चार्ज सर्टिफिकेट, दंड दीडपट, ७० चे १०५ होतात, आणि अपील करायचा हक्क जवळजवळ संपतो. त्यानंतर ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरकडे रजिस्टर होतं आणि शेवटी बेलिफ, म्हणजे वसुलीवाले, त्यांची फी वेगळी.

अपील करून खरंच रद्द होतं का? की ३५ भरून मोकळं व्हावं?

चूक तुमची असेल तर १४ दिवसांत भरा आणि विषय संपवा. पण बोर्ड नव्हता, रेषा दिसत नव्हती, पैसे भरलेले आहेत, गाडी बंद पडली होती आणि ब्रेकडाउन कंपनीचा कॉल रेकॉर्ड आहे, तर नक्की लढा. फुकट असतं सगळं.

पहिली पायरी म्हणजे कौन्सिलच्या साइटवर तिकीट नंबर टाकून वॉर्डनने काढलेले फोटो बघायचे आणि मग १४ दिवसांच्या आत अनौपचारिक चॅलेंज करायचं. आत केलंत आणि त्यांनी नाकारलं तर निम्म्या दराची संधी सहसा परत देतात, त्यामुळे विचारण्यात तोटा नाही. मात्र भरायचं आणि मग भांडायचं असं करू नका, पैसे भरले की केस बंद.

चॅलेंज नाकारलं तर नोटिस टू ओनरची वाट बघायची आणि २८ दिवसांत फॉर्मल रिप्रेझेंटेशन, म्हणजे औपचारिक लेखी हरकत, द्यायचं. कौन्सिलला उत्तर द्यायला ५६ दिवस असतात, नाही दिलं तर तुमचं म्हणणं मान्य झालं असं धरतात. त्यांनी नाकारलं तर २८ दिवसांत ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल, ती स्वतंत्र आहे, ऑनलाइन आहे, वकील लागत नाही. फक्त इथपर्यंत आलात की निम्म्या दराची सवलत गेलेली असते हे धरून चला.

लिहिताना रागाने दोन पानं लिहू नका. तारीख, वेळ, जागा, काय चुकीचं आहे, कुठला फोटो ते दाखवतो, बास. 'आम्ही टुरिस्ट आहोत, माहिती नव्हतं' या वाक्याने आजवर कोणाचं फारसं भलं झालेलं नाही. आजारपण, हॉस्पिटल, अपघात असं खरं कारण असेल तर कागदासकट लिहा, तिथे कौन्सिलला स्वतःच्या अधिकारात माफ करता येतं.

खाजगी कंपनीचं तिकीट आलं तर फाडून टाकू का?

नाही, कृपा करून नाही. हा सल्ला देणारे अजून खूप आहेत. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका रिटेल पार्कच्या केसमध्ये ८५ पाउंडांची मागणी वैध ठरवली, तेव्हापासून कंपन्या कोर्टात जातात आणि जिंकतात पण.

सहसा १०० पाउंडांपर्यंत मागतात, १४ दिवसांत भरलं तर कमी. बऱ्याच ठिकाणी वॉर्डन नसतोच, आत-बाहेर जाताना कॅमेरा नंबर टिपतो आणि पत्र घरी येतं. कॅमेऱ्याची वेळ म्हणजे गेटमधली वेळ, पार्क केल्याची नव्हे, हे लक्षात ठेवा, कारण उन्हाळ्यात जागा शोधत आत वीस मिनिटं फिरलात तर तीही त्यातच धरतात. सुपरमार्केटमध्ये फुकट असलं तरी तासांची मर्यादा असते आणि तिथे गाडी लावून बीचवर दिवसभर जाणं महागात पडतं.

पटत नसेल तर आधी त्या कंपनीकडे २८ दिवसांत अपील, मग ती ज्या संघटनेची मेंबर आहे त्याप्रमाणे पॉपला किंवा आयएएस या अपील ऐकणाऱ्या संस्थेकडे. नुसत्या कॅमेऱ्यावरून मागत असतील आणि गाडीच्या मालकाला जबाबदार धरायचं असेल तर पत्र १४ दिवसांत पोचायला हवं, उशिरा आलं असेल तर तो मुद्दा जोरात मांडा. आणि कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर काहीही झालं तरी मुदतीत उत्तर द्या.

पार्किंग तिकिटाचा व्हिसावर, आयएलआरवर (कायम राहायच्या परवानगीवर) परिणाम होतो का? पॉइंट्स लागतात का?

हा प्रश्न आपल्या लोकांना झोपू देत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. कौन्सिलचा पार्किंग दंड हा गुन्हा नाही, सिव्हिल बाब आहे, लायसन्सवर पॉइंट नाही, गुन्ह्याची नोंद नाही. खाजगी तिकीट तर मुळातच पैशांचा वाद. इन्शुरन्सवालेही साध्या पार्किंग तिकिटाचं विचारत नाहीत.

धोका आहे तो दुर्लक्षाचा. खाजगी कंपनीने कोर्टात केस केली, पत्रं जुन्या पत्त्यावर गेली, तुम्ही उत्तर दिलं नाही आणि तुमच्याविरुद्ध कौंटी कोर्टाचा निकाल लागला तर तो महिन्याभरात पूर्ण भरला नाहीत तर ६ वर्षं क्रेडिट रेकॉर्डवर राहतो, मॉर्गेजच्या वेळी डोकं वर काढतो. त्यामुळे घर बदललं की गाडीच्या लॉगबुकवरचा (नोंदणीच्या कागदावरचा) पत्ता पहिल्या आठवड्यात बदला, खरंच. आणि व्हिसाच्या फॉर्ममध्ये जो प्रश्न जसा विचारलाय त्याचं तसं खरं उत्तर द्या, लपवू नका, शंका असेल तर इमिग्रेशन सल्लागाराला विचारा.

भाड्याची गाडी आहे, दंड कोणाला?

शेवटी तुम्हालाच. काचेवर तिकीट असेल तर स्वतः लगेच निकाल लावा, भरा किंवा चॅलेंज करा. नाहीतर नोटिस रेंटल कंपनीकडे जाते, ते एकतर तुमचं नाव पुढे कळवतात किंवा स्वतः भरून तुमच्या कार्डावरून घेतात, आणि दोन्ही वेळेला वर त्यांची ॲडमिन फी. त्यांनी भरून टाकलं की तुमचा लढायचा मार्ग बंद. इंडियात परत गेल्यावर कार्डावर अचानक पैसे गेलेले दिसतात ते यामुळेच.

इंडियन लायसन्स चालतं का?

व्हिजिटर असाल तर १२ महिने चालतं. पार्किंगशी संबंध नाही, पण सगळे विचारतात.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, इंडियातलं सर्टिफिकेट आहे. डिसेबल्ड बे चालेल का?

नाही. ब्लू बॅजच लागतो, म्हणजे इथला अपंगांसाठीचा पार्किंग परवाना, इंडियातलं कार्ड किंवा डॉक्टरचं पत्र चालत नाही. मनाला लागतं हे मला माहिती आहे, पण त्या जागा मोजक्या असतात आणि ज्याला व्हीलचेअरसाठी दार पूर्ण उघडावं लागतं त्याला दुसरीकडे गाडी लावताच येत नाही. वर लिहिलंय तसं बाबांना अगदी दारात उतरवा आणि मग गाडी लांब लावा.

इथल्या घरातल्या कोणाकडे बॅज असेल तर तो त्या माणसाचा असतो, गाडीचा नाही. ते प्रवासात नसताना वापरला तर मात्र गुन्हा आहे, तिथे केस होते. बॅज असेल तर पिवळ्या रेषेवर ३ तासांपर्यंत थांबता येतं, पोचल्याची वेळ दाखवणारं बॅजचं घड्याळ लावून, कर्बवर लोडिंगच्या रेघा नसतील तर. कार पार्कमध्ये बॅजवाल्यांना फुकट आहे की नाही ते बोर्डवर वाचा, सगळीकडे नसतं.

निडल्स, ऑसबोर्न, कॉम्प्टन बे इथलं पार्किंग कसं?

निडल्सचे पांढरे सुळके बघायला सगळे अलम बेच्या मोठ्या कार पार्कमध्ये येतात. तो खाजगी आहे, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचा नाही, त्यामुळे नॅशनल ट्रस्टचं कार्ड तिथे चालत नाही आणि पैसे भरावेच लागतात. तिथून वरच्या जुन्या बॅटरीपर्यंत (तोफांच्या ठाण्यापर्यंत) पाऊण मैलाची चढण आहे, त्या रस्त्याने आपली गाडी नेता येत नाही, ज्यांना चालवत नाही त्यांनी सीझनमध्ये उघड्या टपाची बस घ्यावी.

कॉम्प्टन बेला नॅशनल ट्रस्टचा कार पार्क आहे, मेंबरना फुकट, पण कार्ड मशीनवर स्कॅन करायचं विसरू नका. उन्हाळ्यात तो भरतो आणि मग लोक मिलिटरी रोडच्या कडेला गवतावर, वळणावर कुठेही गाड्या टाकतात. तो रस्ता कड्याच्या अगदी जवळून जातो, गाड्या वेगात येतात, मुलं दार उघडून रस्त्यावर उतरतात, मला बघवत नाही ते. भरला असेल तर पुढे फ्रेशवॉटर बेला जा.

ऑसबोर्न हाउस म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं समुद्राकाठचं घर, इंग्लिश हेरिटेजकडे आहे, आणि आपल्यासाठी तिथली दरबार रूम बघण्यासारखी, लाहोरच्या भाई राम सिंग यांनी तिचं नक्षीकाम घडवलंय. तिथे निदान तीन-चार तास जातात, म्हणून ईस्ट काउझच्या रस्त्यावर तासाभराच्या बेमध्ये गाडी लावू नका, हाउसच्याच कार पार्कमध्ये जा.

छोट्या गल्ल्या आणि चढ-उतार यांचं काय?

व्हेंटनर उभ्या डोंगरावर वसलंय. तिथे हँडब्रेक पूर्ण ओढा, गिअरमध्ये ठेवा, गाडीचं तोंड उताराकडे असेल तर चाकं कर्बकडे वळवा, चढाकडे असेल तर कर्बपासून दूर.

आतल्या गावांत रस्ते एका गाडीपुरते असतात आणि मध्ये मध्ये रुंद केलेली जागा दिसते, ती पार्किंग नाही, समोरच्याला वाट देण्यासाठी आहे. शेताच्या गेटसमोर पण नको, बंद दिसलं तरी ट्रॅक्टर कधीही येतो. चौकापासून १० मीटर सोडा. रात्री रस्त्यावर गाडी उलट्या तोंडाने लावायची नाही, आखलेल्या बेमध्ये असेल तर गोष्ट वेगळी, हा नियम इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना पण माहिती नसतो. या बेटावर माणसं बारा महिने राहतात, त्यांची ॲम्ब्युलन्स आणि कचऱ्याची गाडी याच गल्ल्यांतून जाते.

फेस्टिव्हलच्या दिवसांत काही वेगळं असतं का?

असतं. जूनमध्ये न्यूपोर्टला आइल ऑफ वाइट फेस्टिव्हल आणि जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर काउझ वीक, शिडाच्या बोटींची शर्यत. तेव्हा नेहमीचे बे तात्पुरते बंद करतात, शंकू किंवा खांबाला बांधलेला पिवळा बोर्ड असतो, त्यावर तारीख लिहिलेली असते. रात्री मुक्कामाला गाडी लावताना दुसऱ्या दिवशीची तारीख पण वाचा. त्या आठवड्यात काउझला बसने जाणं उत्तम.

घर भाड्याने घेतलंय, मालक म्हणतो रस्त्यावर कुठेही लावा

त्याला विचारा, रस्ता परमिटचा आहे का आणि व्हिजिटर परमिट देतोस का. तोंडी उत्तर नको, मेसेजमध्ये घ्या. परमिट झोन असेल तर मालकाचं म्हणणं वॉर्डनला सांगून उपयोग नाही. जास्त दिवस असाल तर कौन्सिलच्या साइटवर पर्यटकांसाठी काही दिवसांचा पास मिळतोय का ते निघायच्या आधी बघा.

इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगच्या जागेत नुसती लावली तर?

चार्ज होत नसेल तर दंड होऊ शकतो, गाडी इलेक्ट्रिक असली तरी.

गाडीला क्लॅम्प (चाकाला जॅमर) लावतात का?

खाजगी जमिनीवर क्लॅम्प लावणं किंवा टो करणं इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१२ पासून बेकायदेशीर आहे, कायद्याने खास अधिकार असलेल्या यंत्रणा सोडून. एखाद्या कार पार्कमध्ये कोणी क्लॅम्प लावून रोख पैसे मागत असेल तर देऊ नका, पोलिसांना कळवा.

फोनवर मेसेज आलाय, पार्किंग दंड भरा म्हणून, लिंक पण आहे. खरा असेल का?

खोटा. लिंक दाबू नका. दंडाची पहिली बातमी तुम्हाला काचेवर मिळते किंवा पोस्टाने मिळते, अनोळखी नंबरच्या मेसेजवर नाही. शंका वाटत असेल तर कौन्सिलची साइट स्वतः टाइप करून उघडा, तिथे तिकीट नंबर आणि गाडीचा नंबर टाका, दंड असेल तर फोटोसकट दिसेल. आई-बाबांच्या फोनवरही असे मेसेज येतात आणि ते घाबरून भरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.